नावडतीचें मीठ अर्थात् तबकड्यांची होळी

आवडीनिवडीच्या बाबतींत वाद घालूं नये असें शहाणे लोक सांगत आले आहेत. परंतु ज्या घरांत तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात, त्या घरांत हा उपदेश पाळणें किती अवघड आहे हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. आजोबांस नाट्यपदें हवीं असतात, काकांस भावगीतें हवीं असतात, मुलांच्या खोलींतून भिंती हादरविणारा ठेका ऐकूं येतो, आणि मग कोणी तरी वडीलधारें माणूस दार ठोठावून विचारतें, "हें काय चालविलें आहे? याला का गाणें म्हणतात?" हा प्रश्न आम्हींहि विचारलेला आहे. तो विचारतांना आपण केवळ सुरांचा न्याय करीत आहों, अशी आमची प्रामाणिक समजूत होती. परंतु आपल्याकडे एक जुनी म्हण आहे: नावडतीचें मीठ अळणी. दोष मिठांत आहे, कीं मीठ वाढणाऱ्या हाताविषयींच्या आपल्या मनांतील अढींत आहे, हें जेवणाराला स्वतःलाहि पुष्कळदां कळत नाहीं.

या म्हणीचा एक प्रचंड प्रत्यय १९७९ सालीं अमेरिकेंत आला. तेथें एका रात्रीं हजारों लोकांनीं मिळून एका जातीच्या संगीताची होळी केली. तें संगीत म्हणजे 'डिस्को'. ही हकीकत व तिचे पुढील परिणाम आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. कारण ती परक्या देशांतली असली तरी तिच्यांत आपल्या दिवाणखान्यांतील कांहीं गोष्टींवर प्रकाश पाडण्याचें सामर्थ्य आहे.

शिकागो शहराच्या दक्षिण भागांत कॉमिस्की पार्क या नांवाचें बेसबॉलचें क्रीडांगण होतें. बेसबॉल हा आपल्या क्रिकेटचा दूरचा भाऊबंद म्हणावा असा खेळ आहे. १९७९ च्या जुलै महिन्याच्या १२ तारखेस तेथें शिकागोचा व्हाइट सॉक्स संघ आणि डेट्रॉइटचा टायगर्स संघ यांचे लागोपाठ दोन सामने व्हावयाचे होते. व्हाइट सॉक्स संघाची कामगिरी यथातथाच असल्यामुळें प्रेक्षक बेताचेच जमत. म्हणून संघाच्या चालकांनीं एक युक्ति काढली. स्टीव्ह डाल या नांवाचा २४ वर्षांचा एक नभोवाणी-निवेदक त्या शहरांतील तरुणांत फार लोकप्रिय होता. डिस्कोची टवाळी करणें हा त्याचा रोजचा उद्योग. जो कोणी डिस्कोची एक तबकडी घेऊन येईल त्यास अवघ्या ९८ सेंटांत प्रवेश द्यावा, जमलेल्या तबकड्या एका मोठ्या पेटाऱ्यांत भराव्या, आणि दोन सामन्यांच्या मधल्या वेळांत डालच्या हस्ते त्या सुरुंगानें उडवून द्याव्या, असें ठरलें. डालचें केंद्र ९७.९ या क्रमांकावर ऐकूं येई, म्हणून तिकिटाचा हा चमत्कारिक आंकडा.

चालकांची अपेक्षा सुमारें २०,००० प्रेक्षकांची होती. प्रत्यक्ष आंत आलेल्यांची नोंद ४७,७९५ इतकी झाली, आणि आणखी हजारों लोक दाराबाहेर ताटकळत राहिले. पेटारा केव्हांच भरून गेला. तेव्हां उरलेल्या तबकड्या लोक हातांतून भिरकावूं लागले, आणि खेळाडूंच्या अंगावरून त्या सुदर्शनचक्रासारख्या सणसणत जाऊं लागल्या. पहिला सामना संपतांच लष्करी पोशाख व शिरस्त्राण चढविलेला डाल जीपगाडींतून मैदानांत आला. डिस्कोच्या निषेधाच्या घोषणा झाल्या, पेटारा उडाला, हिरवळीला खड्डा पडला, आणि मग बांध फुटावा तसे हजारों तरुण कठडे ओलांडून मैदानांत उतरले. कोणीं बेसबॉलचे तळ उपटून नेले, कोणीं सरावाचा पिंजरा मोडला, कोणीं जळत्या तबकड्यांभोंवतीं फेर धरला. अखेर दंगलीच्या बंदोबस्ताचे पोलिस आले, ३९ जणांस अटक झाली, आणि मैदानाची इतकी नासाडी झाली कीं दुसरा सामना होऊंच शकला नाहीं. दुसऱ्या दिवशीं तो सामना डेट्रॉइटनें जिंकल्याचें जाहीर करण्यांत आलें.

आतां ज्या संगीतावर इतका राग, तें होतें तरी कसें? फ्रेंच भाषेंत 'डिस्कोथेक' या शब्दाचा अर्थ तबकड्यांचा संग्रह. वादकांचा ताफा न बसवितां तबकड्या लावून जेथें लोक नाचत, त्या जागेला हें नांव पडलें, आणि पुढें तेथल्या संगीतालाहि तेंच चिकटलें. १९७० च्या फेब्रुवारी महिन्यांत न्यूयॉर्क शहरीं डेव्हिड मॅन्कुसो या गृहस्थानें आपल्या राहत्या जागेंत मित्रमंडळींसाठीं नृत्याची बैठक भरविली. तीच जागा पुढें 'द लॉफ्ट' या नांवानें प्रसिद्ध झाली. तेथें मद्य विकलें जात नसे व आमंत्रणावांचून प्रवेश नसे. आमंत्रितांत गोरे असत, काळे असत, स्पॅनिश बोलणारे असत. आणि समलिंगी प्रेमामुळें ज्यांना घरानें व समाजानें दूर लोटलें होतें असे स्त्रीपुरुषहि असत. त्या काळीं दोन पुरुष एकत्र नाचतांना दिसले तर पोलिसांची धाड पडण्याचें भय न्यूयॉर्कसारख्या शहरींहि असे. १९६९ च्या जून महिन्यांत स्टोनवॉल नांवाच्या पानगृहावर अशीच धाड पडून मोठा दंगा झाला होता. ज्यांना भर रस्त्यांत हात हातांत घेण्याची सोय नव्हती, त्यांना चार भिंतींच्या आंत निर्धास्तपणें नाचावयास मिळालें. हें त्या संगीताचें माहेर.

त्याचा ठेका समजावयास सोपा आहे. चार मात्रांचें आवर्तन घ्यावें, प्रत्येक मात्रेवर मोठ्या ढोलाचा सारखाच ठोका द्यावा, आणि दोन ठोक्यांच्या मधोमध झांजेचा एक सुस्कारा सोडावा. फिलाडेल्फिया शहरांतील अर्ल यंग या काळ्या वादकानें १९७३ च्या सुमारास हा ठेका रूढ केला. मिनिटास सुमारें १२० ठोके, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाच्या पावलांची गति. ज्याला नृत्याचें शिक्षण नाहीं त्याचेंहि पाऊल यांत चुकत नाहीं. सात इंची तबकडीवरचें तीन मिनिटांचें गाणें नाचणारांस अपुरें वाटूं लागलें, तेव्हां टॉम मोल्टन या कल्पक माणसानें गाणीं लांबवून बारा इंची तबकडीवर उतरविण्याची पद्धत पाडली. तबकडी मोठी, तिची चर रुंद, त्यामुळें खर्ज अधिक भरदार. दोन यंत्रांवर दोन तबकड्या ठेवून एकीचा शेवट दुसरीच्या आरंभांत मिसळून देण्याची कला याच जागीं वाढीस लागली, व तबकड्या लावणारा मनुष्य हाच एक कलावंत होऊन बसला. १९७७ सालीं म्युनिक शहरांत जॉर्जिओ मोरोडर यानें डॉना समर या गायिकेसाठीं एक गीत जवळजवळ संपूर्णपणें विद्युत्-वाद्यांवर रचलें. आजच्या यंत्रनिर्मित नृत्यसंगीताचा उगम पुष्कळ जाणते त्या गीतांत पाहतात.

मग या संगीताला बाजार सांपडला. १९७७ च्या एप्रिलमध्यें न्यूयॉर्कमध्यें 'स्टुडिओ ५४' उघडलें. तेथें दारावरच माणसें निवडून घेत, आणि नामवंतांना आंत घेऊन इतरांना फुटपाथवर उभें ठेवीत. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत 'सॅटर्डे नाइट फीव्हर' हा चित्रपट आला. त्याचा नायक ब्रुकलिनमधील इटालियन वंशाचा गोरा तरुण. ज्या लेखावरून तो चित्रपट निघाला तो आपण बव्हंशीं कल्पनेनेंच लिहिला होता, अशी कबुली लेखकानें पुढें दिली. चित्रपटांतील गाण्यांचा संच १९७८ सालीं अमेरिकेंत सलग २४ आठवडे पहिल्या क्रमांकावर होता, आणि त्यांतील बी जीज् या तिघां भावांचा आवाज घरोघर पोंचला. माहेरचीं माणसें मात्र चित्रांतून जवळजवळ पुसलीं गेलीं.

पुढें जें झालें त्याचा दोष डिस्कोच्या शत्रूंवर घालतां येणार नाहीं. जें खपतें तें सगळ्यांनींच करावयाचें, असा बाजाराचा नियमच आहे. बेथोव्हेनच्या पांचव्या सिंफनीला डिस्कोचा ठेका जोडून झाला. बदकाच्या आवाजांतलें डिस्को-गीत १९७६ सालीं पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलें. रोलिंग स्टोन्ससारखे रॉक संगीताचे मानकरीहि त्या वाटेनें गेले. नभोवाणी-केंद्रांनीं आपले जुने कार्यक्रम गुंडाळून अष्टौप्रहर डिस्को सुरू केलें. स्टीव्ह डाल ज्या केंद्रावर रॉक संगीत लावीत असे, तें केंद्रहि डिस्कोकडे वळलें, आणि १९७८ च्या नाताळच्या आदल्या दिवशीं त्याची नोकरी गेली. पोटावर पाय आला म्हणजे मनुष्य तत्त्वज्ञानाच्या गोष्टी ऐकत नाहीं. त्याच्या श्रोत्यांचेंहि दुःख समजण्याजोगें होतें. कारखान्यांच्या शहरांत वाढलेल्या या तरुणांना रॉक हें आपल्या घरचें संगीत वाटे. तें बाजूला सारून झगमगीत कपड्यांचें, महागड्या नृत्यगृहांचें आणि आपणांस दारांतूनच परत पाठविणाऱ्या लोकांचें संगीत रात्रंदिवस कानीं पडूं लागल्यावर त्यांना वीट आला असेल, तर त्यांत नवल कसलें? अति तेथें माती हें संगीतालाहि लागू आहे.

परंतु त्या रात्रीं पेटाऱ्यांत काय जमलें याची साक्ष देणारा एक मनुष्य तेथें हजर होता. व्हिन्स लॉरेन्स हा काळा किशोर त्या क्रीडांगणावर प्रेक्षकांस जागा दाखविण्याच्या कामावर होता, आणि मिळालेल्या पैशांतून एक सिंथेसायझर घ्यावा म्हणून पैसे साठवीत होता. त्यानें पुढें अनेकदां सांगितलें कीं, लोकांनीं आणलेल्या तबकड्यांत डिस्कोखेरीज इतरहि पुष्कळ होत्या. मार्व्हिन गे, स्टीव्ही वंडर अशा काळ्या गायकांच्या होत्या, ज्यांना कोणीहि जाणता डिस्को म्हणणार नाहीं. म्हणजे आणणारांच्या मनांत 'डिस्को' या शब्दाचा अर्थ 'काळ्यांचें गाणें' असाहि होता. साप साप म्हणून भुई धोपटावी तसा प्रकार. परंतु भुई कोणाची हें पाहण्याजोगें आहे. 'शिक' या संगीतसंघाचा प्रमुख नाइल रॉजर्स यास तर हें दृश्य पाहून नाझींनीं केलेल्या ग्रंथांच्या होळीची आठवण झाली.

डालनें हा आरोप नेहमींच नाकारला आहे. आमचा झगडा केवळ संगीताशीं होता, ती रॉकप्रेमी पोरांची एक मौज होती, असें त्याचें म्हणणें आहे. त्यास खोटें ठरविण्याची आम्हांस गरज वाटत नाहीं. त्याच्या मनांत वर्णद्वेष नसेलहि. जमलेल्यांपैकीं बहुतेकांना एका स्वस्त तिकिटांत गंमत करावयाची असेल. परंतु सहेतुक द्वेषापेक्षां नकळत झालेल्या द्वेषाची गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे. अमक्या संगीताचा तिरस्कार करणें ही रसिकतेची खूण आहे, असें एकदां समाजांत मान्य झालें म्हणजे तें संगीत ज्यांचें, त्यांचाहि तिरस्कार त्या आडून निर्वेधपणें करतां येतो, आणि करणाराला आपण कांहीं वावगें केलें असें वाटतहि नाहीं.

परिणाम झपाट्यानें दिसून आला. त्या जुलैच्या तिसऱ्या आठवड्यांत अमेरिकेंतील खपाच्या यादींत पहिल्या सहाहि जागा डिस्को-गीतांच्या होत्या. सप्टेंबर संपण्यापूर्वीं पहिल्या दहांत डिस्को म्हणावें असें गीत जवळजवळ उरलें नाहीं. त्या वर्षीं तबकड्यांचा धंदाच मंदावला होता, त्यामुळें सगळें श्रेय त्या एका रात्रीस देणें योग्य नव्हे. परंतु धंद्यांतल्या लोकांना हात झटकण्यास निमित्त मिळालें. ग्रॅमी पारितोषिकांत डिस्कोसाठीं निराळा विभाग पहिल्यांदा १९८० सालीं ठेवला, तें पारितोषिक ग्लोरिया गेनर हिला मिळालें, आणि त्याच वर्षीं तो विभाग बंदहि झाला. तबकड्यांच्या कंपन्या 'डिस्को' हा शब्दच टाळूं लागल्या. तेंच गाणें, तेच वादक, आणि वेष्टनावर नांव मात्र 'नृत्यसंगीत'. बी जीज् बंधूंनीं इतरांसाठीं गाणीं रचून देण्याचा मार्ग धरला. बार्बरा स्ट्रायसँड, डायॉन वॉरविक, केनी रॉजर्स व डॉली पार्टन यांनीं गाइलेलीं त्यांचीं गीतें लोकांनीं आनंदानें उचलून धरलीं. मीठ तेंच होतें. वाढणारा हात बदलतांच तें अळणी लागेनासें झालें!

सुंभ जळला तरी पीळ जळत नाहीं, असें आपण हट्टी माणसाला उद्देशून म्हणतों. डिस्कोच्या बाबतींत तें अगदीं शब्दशः खरें ठरलें. कॉमिस्की पार्कवरील होळीस दोन महिने होतात न होतात तोंच शुगरहिल गँग या त्रिकुटाची 'रॅपर्स डिलाइट' ही तबकडी बाजारांत आली, व तिच्यामुळें रॅप हा प्रकार प्रथमच न्यूयॉर्कबाहेर सर्वदूर पोंचला. तिच्या तळाशीं वाजणारा खर्ज 'शिक' संघाच्या त्याच उन्हाळ्यांत गाजलेल्या 'गुड टाइम्स' या डिस्को-गीताचा होता. पुढच्या वर्षीं क्वीन या रॉक संघाचें जें गीत अमेरिकेंत पहिल्या क्रमांकावर गेलें, त्याच्याहि खर्जावर त्याच गीताची छाया होती. १९७९ च्या ऑगस्टमध्यें आलेला मायकेल जॅक्सनचा 'ऑफ द वॉल' हा संच डिस्कोच्याच वळणाचा. नाइल रॉजर्सनें १९८३ सालीं डेव्हिड बोवीसाठीं व १९८४ सालीं मॅडोनासाठीं जे संच घडविले, त्यांतहि जुन्याच कारागिराचा हात होता. २०१३ सालीं डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीबरोबर त्यानें वाजविलेलें गीत जगभर गाजलें, आणि २०१४ सालीं ग्रॅमीच्या व्यासपीठावर त्याचा गौरव झाला. २०२२ सालीं बियॉन्से हिनें आपला एक संपूर्ण संच या परंपरेला, आणि ती परंपरा घडविणाऱ्या काळ्या व बहिष्कृत कलावंतांच्या स्मृतीला वाहिला.

परंतु सर्वांत मोठें आश्चर्य ज्या शहरांत होळी झाली त्याच शहरांत घडलें. १९७७ सालीं फ्रँकी नकल्स हा न्यूयॉर्कचा काळा तरुण शिकागोंत येऊन 'द वेअरहाउस' नांवाच्या नृत्यगृहांत तबकड्या लावूं लागला. तेथें येणारे बहुतेक काळे व समलिंगी तरुणच होते. होळीनंतर नव्या डिस्को-तबकड्या मिळेनाशा झाल्या, तेव्हां तो जुन्याच तबकड्यांचे तुकडे जोडून, त्यांना यंत्राच्या ठोक्यांची जोड देऊन नाचणारांची भूक भागवूं लागला. 'वेअरहाउस'मध्यें वाजतें तें संगीत, म्हणून त्याला 'हाउस' हें नांव पडलें. १९८४ सालीं जेसी साँडर्स याची 'ऑन अँड ऑन' ही तबकडी निघाली. ती हाउस संगीताच्या पहिल्या तबकड्यांपैकीं एक मानली जाते. तिच्या रचनेंत साँडर्सचा भागीदार होता व्हिन्स लॉरेन्स, म्हणजे होळीच्या रात्रीं लोकांस जागा दाखविणारा तोच मुलगा! शेजारच्या डेट्रॉइट शहरांतील काळ्या तरुणांनीं याच सुमारास 'टेक्नो' निर्माण केलें, आणि दहा वर्षांच्या आंत लंडनपासून बर्लिनपर्यंतचे तरुण या दोन शहरांच्या ठेक्यावर नाचूं लागले. हाउस म्हणजे डिस्कोनें उगविलेला सूड, असें नकल्स म्हणत असे. २०१४ सालीं तो वारला. 'वेअरहाउस' जेथें होतें त्या रस्त्याला शिकागोनें त्याचें नांव दिलें आहे, आणि २०२३ सालीं ती इमारत शहरानें ऐतिहासिक वास्तु म्हणून संरक्षित केली. कॉमिस्की पार्क १९९१ सालीं पाडण्यांत आलें. त्याच्या जागीं आज मोटारी उभ्या करण्याचें आवार आहे.

या कथेचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. बंगलोरांत वाढलेला बिड्डू हा तरुण इंग्लंडांत जाऊन संगीतकार झाला, आणि १९७४ सालीं त्यानें घडविलेलें 'कुंग फू फायटिंग' हें गीत इंग्लंडांत व अमेरिकेंत दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेलें. अमेरिकेंत डिस्कोचें श्राद्ध झाल्यावर, म्हणजे १९८० सालीं, त्यानेंच 'कुर्बानी' या हिंदी चित्रपटासाठीं कराचीच्या नाझिया हसन या पंधरा वर्षांच्या मुलीकडून एक गीत गाऊन घेतलें. १९८२ सालीं बप्पी लाहिरींच्या संगीताचा 'डिस्को डान्सर' आला, आणि तो थेट सोव्हिएट रशियापर्यंत लोकप्रिय झाला. त्याच वर्षीं मुंबईंत आणखी एक गोष्ट घडली, तिची मात्र कोणीं दखल घेतली नाहीं. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणारे चरणजित सिंग यांनीं भैरव, ललत, यमन, मालकंस अशा दहा रागांना डिस्कोचा ठेका देऊन एक तबकडी काढली. त्यांनीं वापरलेल्या यंत्रांत रोलंड कंपनीचें टीबी-३०३ हें एक लहानसें जपानी यंत्र होतें. तें खर्जाची साथ करण्यासाठीं बनविलेलें. परंतु धंद्यांत चाललें नाहीं, आणि १९८४ च्या सुमारास त्याचें उत्पादन थांबलें. टाकाऊ म्हणून स्वस्तांत विकलेलें तेंच यंत्र शिकागोच्या तरुणांच्या हातीं पडलें, आणि १९८७ सालीं त्यांतून 'ॲसिड हाउस' हा प्रकार जन्मास आला. चरणजित सिंगांची तबकडी २०१० सालीं पुन्हां निघाली, तेव्हां युरोपांतले जाणकार थक्क झाले: शिकागोच्या पांच वर्षें आधीं मुंबईंत हा ध्वनि निघाला कसा? ना त्यांनीं शिकागो पाहिलें होतें, ना शिकागोनें त्यांना. नाकारलेल्या ठेक्याला दोन गांवीं दोन निराळ्या माणसांनीं आसरा दिला, आणि त्यांतून एकच सूर उमटला. सिंग २०१५ सालीं निवर्तले. उतारवयांत तरी त्यांच्या कामाची कदर झालेली त्यांनीं पाहिली, एवढें समाधान.

आतां एक कबुली. १९८३ सालची गोष्ट आहे. आमच्या पुण्याच्या वाड्यांत त्या वेळीं चौदा माणसें होतीं. आमची धाकटी आत्या अकालीं विधवा झालेली. तिचा मुलगा शरद शिक्षणासाठीं आमच्याकडे राहत असे. मुलगा हुशार व कष्टाळू, परंतु दुसऱ्याच्या घरीं वाढणाऱ्या मुलाची जी एक अंग चोरून वागण्याची रीत असते, ती त्याच्या अंगवळणीं पडली होती. शिकवण्या करून जमविलेल्या पैशांतून त्यानें 'डिस्को डान्सर'ची कॅसेट आणली आणि एके दिवशीं दुपारीं घरांतल्या टेपरेकॉर्डरवर लावली. आप्पाकाका तरातरा बाहेर आले, कॅसेट काढून घेतली, आपल्या कपाटांत ठेविली, व म्हणाले, "या घरांत असलीं थेरं चालावयाचीं नाहींत." आम्ही सगळे हंसलों. शरद कांहीं न बोलतां अभ्यासास बसला.

त्याच वर्षीं दिवाळींत आमचे थोरले चुलतभाऊ अमेरिकेहून आले. त्यांनीं आबा या स्वीडिश संघाची कॅसेट आणली होती. फराळास येणाऱ्या पाहुण्यांस आप्पाकाका ती मोठ्या कौतुकानें ऐकवीत, आणि "काय स्वच्छ ध्वनिमुद्रण आहे पहा!" असें म्हणत. तिच्यांतल्या सर्वांत गाजलेल्या गाण्याचा ठेका डिस्कोचाच होता. आम्ही त्या वेळीं तबला शिकत होतों; मात्रा मोजणें आम्हांस येत होतें. दोन्ही कॅसेटींचें नातें आमच्या ध्यानांत आलें होतें, आणि तरीहि आम्ही एक अक्षर बोललों नाहीं. आप्पाकाका वाईट मनुष्य नव्हते. शरदच्या कॉलेजची फी त्यांनींच भरली. परंतु मिळवत्या पुतण्यानें आणलेलें तें संगीत, आणि आश्रित भाच्यानें आणलीं तीं थेरं, हा भेद त्यांच्या कानांनीं केला होता असें आम्हांस आज म्हणवत नाहीं. शिकागोच्या त्या गर्दीस नांवें ठेवण्यापूर्वीं आम्हांस आमचें तें हंसणें आठवतें.

पुढें वाडा पाडावयाचा ठरला, सामानाची आवराआवर झाली, आणि काकांच्या कपाटाच्या तळाशीं ती कॅसेट सांपडली. शरद आतां स्वतः आजोबा झालेला आहे. आम्हीं ती त्याच्या हातीं दिली. फितीवर बुरशी चढली होती. त्यानें ती उलटसुलट करून पाहिली व हंसून परत दिली. "असूं दे, दादा," तो म्हणाला. "ती तेव्हां ऐकावयाची होती."

सर्व संगीत सर्वांस आवडलेंच पाहिजे, असा आमचा मुळींच आग्रह नाहीं. डिस्कोंत पुष्कळ पोकळ व उथळ होतें. आजच्या ध्वनिवर्धकांच्या भिंतींतून येणारा ठणठणाटहि आमच्या कानांस सोसवत नाहीं, आणि आवाज कमी करावयास सांगण्याचा वडीलधाऱ्यांचा अधिकार आम्ही सोडूं इच्छीत नाहीं. परंतु आवाज कमी कर म्हणणें निराळें, आणि याला का गाणें म्हणतात असें म्हणणें निराळें. पहिल्यानें कानाला विसांवा मिळतो. दुसऱ्यानें समोरच्या मनुष्याला त्याची पायरी दाखविली जाते. म्हणून आम्हीं स्वतःपुरता एक लहानसा नियम करून घेतला आहे. मुलांच्या खोलीचें दार ठोठावण्यापूर्वीं क्षणभर थांबावें आणि मनाशीं विचारावें: हेंच गाणें घरांतल्या दुसऱ्या कोणीं लावलें असतें, तर आपण काय म्हटलें असतें? उत्तर तेंच आलें, तर खुशाल दार ठोठवावें. उत्तर निराळें आलें, तर दोष गाण्यांत शोधूं नये.